चाळीस आणि त्रेचाळीस

फॉर्म, पान पहिलं

बाळाच्या अंगात धातूची काही वस्तू? नाही.

बाळाची एखादी शस्त्रक्रिया? नाही.

शेवटचं दूध? सकाळी सहाला.

आत्ता भुकेलं आहे? (त्याचं रडणं सगळ्या मजल्यावर ऐकू जात होतं, तरी विचारलं.) हो.

जन्म किती आठवड्यांनी?

याचं उत्तर आधीच छापलेलं होतं. २८ आठवडे, २ दिवस. एमआरआय काढणाऱ्या ब्रॉन्विनने पेनाचं टोक त्या आकड्यावर टेकवलं आणि माझ्या सासूकडे पाहिलं, कारण इंग्रजी सासूला येतं. मला समजतं अर्धंमुर्धं, बोलता येतं त्याहून कमी. सासू माझ्याकडे वळली आणि आमच्या सामोअन भाषेत म्हणाली, "अठ्ठावीसच ना गं?"

"हो, आई."

सासूने मान हलवली. ब्रॉन्विनने बरोबरची खूण केली.

एकतीस. खरा आकडा एकतीस.

त्यांचे ०, माझे ३

मुळापासून सांगते.

आमचं लग्न दहा मेला झालं, ब्रिस्बेनच्या दक्षिणेला, लोगनमध्ये. मी सामोआतल्या सावाई बेटावरून मार्चमध्येच आले होते आणि लग्नापर्यंत माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या, सेफोच्या, मावशीकडे राहत होते. मावशीचा पहारा कडक. पण ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळं घर गाण्याच्या तालमीला चर्चमध्ये गेलं, माझा घसा बसला होता, आणि सेफो माझ्यासाठी औषधाच्या गोळ्या घेऊन आला.

बस. एवढंच.

मी लग्नात पांढरे कपडे घातले तेव्हा पाळी आठ दिवस चुकली होती. सेफोला सांगितलं नाही. तो लग्नात इतका घाबरला होता की पाळकांनी नाव विचारल्यावर स्वतःच्या वडिलांचं नाव सांगून बसला. ते वडील, म्हणजे माझे सासरे, आमच्या चर्चचे दीकन, पाळकांच्या खालोखाल मान. पहिल्या बाकावर बसतात. दीकनाच्या घरात लग्नाआधी असं काही झालं की तो आपण होऊन उठतो आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. त्याला कोणी काही म्हणत नाही. म्हणावं लागतच नाही. दोन घरांचं झालेलं मी ऐकलं होतं; त्यातले एकजण नंतर पुढे परत आलेच नाहीत.

म्हणून मी दवाखान्यात जाणं टाळत राहिले. पोट दिसायला लागल्यावर, सप्टेंबरात, सासूच मला घेऊन गेली. तिथल्या बाईंनी विचारलं, शेवटची पाळी कधी. सासूने तो प्रश्न मला विचारला. आता सांगा, तिला काय सांगणार?

पाच एप्रिल होती. मी म्हणाले, "सव्वीस एप्रिल."

एकवीस दिवस पुढे सरकवले. कोणाचं काय जातं, असं वाटलं. पूर्ण दिवसांचं मूल तीन आठवडे आधी आलं तर कोणी भुवयासुद्धा उचलत नाही. मग सोनोग्राफी झाली. मला वाटलं, आता पकडली जाणार. पण ती मुलगी म्हणाली, तारीख अगदी जुळते, बाळ बरोबर वीस आठवड्यांएवढं आहे.

मी देवाचे आभार मानले.

म्हणजे माझं तेवीस आठवड्यांचं मूल वीस आठवड्यांएवढंच भरलं, यासाठी मी देवाचे आभार मानले. हे वाक्य मी नंतर स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं आहे की आता ते पाठ आहे.

त्यांचे २८, माझे ३१

नोव्हेंबरात बीपी चढलं, डोळ्यांपुढे काजवे दिसायला लागले, आणि त्यांनी पोट फाडून त्याला बाहेर काढलं. एक हजार पन्नास ग्रॅम. सासऱ्यांनी नाव ठेवलं इसाको.

एनआयसीयूत लोक काय काय म्हणाले:

"अठ्ठाविसाव्याचा आहे आणि आपला आपण श्वास घेतोय!"

"याला नळी नको. बघा तरी, नळी ओढून काढतोय."

"कान बघ कसे उभे राहिलेत. या वयाच्या मुलांचे कान कागदासारखे दुमडतात."

"लढवय्या आहे तुमचा नातू." हे सासूला. सासूने ते सगळ्या लोगनला सांगितलं.

प्रत्येक कौतुकाच्या वेळी मी काचेच्या पेटीत हात घालून त्याचे पाय धरून बसायचे आणि वाटायचं, आता कोणीतरी थांबेल, याच्याकडे नीट बघेल आणि म्हणेल, एक मिनिट.

कोणी म्हटलं नाही. कागदावर २८ होतं, आणि वजन २८ चं होतं.

त्यांचे ४०, माझे ४३

तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या मेंदूचा एमआरआय काढायचा, आणि तोही चाळीस आठवडे भरत आले की, म्हणजे मूल खरं तर जेव्हा जन्मायला हवं होतं त्या सुमारास, अशी तिथली पद्धत. भूल देत नाहीत. तीन तास उपाशी ठेवतात, मग यंत्राच्या दारातच पोटभर दूध पाजतात, आणि मूल सुस्तावलं की गुंडाळतात. इसाको अधाशासारखा प्यायला. त्याच्या कानांत मऊ मेण बसवलं, वर इवलेसे कानझाक. मग त्याला मण्यांनी भरलेल्या निळ्या पिशवीत ठेवलं आणि पिशवीतली हवा पंपाने ओढून घेतली. पिशवी आकसत आकसत त्याच्याभोवती दगडासारखी घट्ट झाली. फक्त चेहरा उघडा.

"तुम्हाला आत बसायचं?" ब्रॉन्विनने खुणेने विचारलं.

मी अंगठी, केसांतल्या पिना, सगळं काढून सासूच्या तळहातावर ठेवलं. सासू काचेपलीकडे थांबली. तिचे ओठ हलत होते, प्रार्थना चालू होती.

ठक. ठक. ठक. ठक.

हे कसलं यंत्र, की जे आतलं सगळं बघतं? त्याला वय कळत असेल का? झाडाचं कळतं तसं?

घर्रर्रर्र घर्रर्रर्र घर्रर्रर्र

वय कळलं तर बरं होईल. मला बोलावं लागणार नाही.

वय कळलं तर संपलं.

टिंग टिंग टिंग टिंग टिंग टिंग

आणि हे मला तिथेच, त्या आवाजात, पहिल्यांदा लख्ख कळलं: एकतिसाव्याच्या मुलाला इथे आणतच नाहीत. हा माझ्या खोट्यामुळे आत आहे. मी खरं बोलले असते तर या मेंदूत काय आहे हे कोणीही बघितलं नसतं.

ठक. ठक.

इसाको झोपला होता. पायाला लावलेल्या तारेचा लाल ठिपका निळ्या पिशवीच्या फटीतून दिसत होता. मी त्या ठिपक्याकडे बघत पस्तीस मिनिटं बसले. मला वाटतं मी पापणी हलवली नाही.

त्यांचे ४१, माझे ४४

आठ दिवसांनी निकालाला बोलावलं. सेफो मांसाच्या कारखान्यात पहाटपाळीला असतो, म्हणून सासू आणि मी. डॉक्टर इमोजेन तरुण आहेत, केस पुरुषासारखे कापलेले, मोजे दोन रंगांचे. त्या हसत आत आल्या तेव्हाच सासूने माझा गुडघा दाबला.

"छान बातमी आहे," त्या म्हणाल्या, आणि सासूने ते वाक्य मला सांगण्याआधी स्वतःच डोळे पुसले.

कुठे रक्तस्राव नाही. पोकळी नाही. मग त्यांनी एक जाड प्लॅस्टिकचा तक्ता काढला. ओळीने मेंदूची चित्रं, प्रत्येकाखाली आठवडे. अठ्ठाविसाव्याचा मेंदू गुळगुळीत, आमच्या किनाऱ्यावर लाटांनी घासून घासून बोथट झालेल्या प्रवाळाच्या खड्यासारखा. पुढे चिरा. मग घड्या. चाळिसाव्याला, पाण्याखाली जिवंत असतं ते गोल प्रवाळ, वळणावळणांचं.

"आणि हा तुमचा." इसाकोचं चित्र त्यांनी पडद्यावर आणलं आणि चाळीसच्या चित्राशेजारी बोट ठेवलं. "चाळिसाव्या आठवड्यात मेंदू जसा असायला हवा, अगदी तसा. मापंही त्या वयाला शोभणारी. अठ्ठावीसच्या मुलात इतका चांगला निकाल रोज बघायला मिळत नाही."

सासू मला सगळं सांगत होती, हात जोडून, रडत, हसत. मी ऐकत नव्हते. तक्ता चाळीसवर संपत नव्हता. उजव्या कडेला आणखी एक चित्र होतं, अर्धं डॉक्टरांच्या कोपराखाली. ४३.

डॉक्टरांनी कोपर उचललं.

त्या चित्रातल्या घड्या खोल होत्या. काळ्या, दाट, एकात एक शिरलेल्या. मी पडद्याकडे बघितलं. मग तक्त्याकडे. मग परत पडद्याकडे.

माझ्या मुलाचा मेंदू तसा नव्हता.

"आमच्याकडे व्यायामाचा एक वर्ग असतो," डॉक्टर बोलत होत्या, "ज्यांच्या मेंदूत काही मागे दिसतं त्यांच्यासाठी, लवकर सुरू करायचा. इसाकोला त्याची गरज नाही. मंगळवारी वजनाला या, आणि मग आपली भेट थेट सहा महिन्यांनी."

"बघितलंस?" सासू म्हणाली. "गरज नाही म्हणते!"

मी हसले. सासूने माझं हसू बघितलं आणि ते तिला पटलं असावं.

शनिवार, दुपार, घरामागे

"सेफो, हॉस्पिटलात फोन कर."

"कशाला? रिपोर्ट चांगला आहे ना."

"चाळीसच्या हिशेबाने चांगला आहे."

"मग?"

"तो त्रेचाळीसचा होता."

सेफो उद्या डुक्कर भाजायच्या भट्टीसाठी दगड निवडत होता. दगड खाली ठेवला, बोटं मोजली. एक हात संपला, दुसरा घेतला.

"ईस्टर," तो म्हणाला.

"ईस्टर."

"पण आपण लग्नानंतरचं धरलं होतं."

"मी धरलं होतं. तुला कोणी विचारलंच नव्हतं."

"तीन आठवडे म्हणजे काय गं? दुधाच्या बाटलीला तीन आठवडे फार. माणसाला काय त्याचं!"

"मी पुढचं चित्र बघितलं, सेफो. आपला तसा नाही."

"तू कधीपासून मेंदूची डॉक्टर झालीस?"

"मला डोळे आहेत."

"डोळे आहेत! परवा दुकानाबाहेर दुसऱ्याच्याच गाडीत बसली होतीस, डोळे असून."

मी हसले नाही. तोही हसला नाही.

"मग काय करू म्हणतेस? गावाकडे गुन्हेगार माफी मागायला बसतो तसा चटई डोक्यावर घेऊन त्या डॉक्टरच्या दारात बसू? उद्या बाबा सगळ्या चर्चसमोर उभे राहून देवाने इसाकोला वाचवलं अशी साक्ष देणार आहेत. डुक्कर आलंय, लुपे. शंभर माणसं जेवणार आहेत."

"डुकराचं मला काय सांगतोस?"

"फोन करून काय होईल? आज तो बरा आहे. फोन केलास की बरा राहणार नाही."

"फोनने त्याचा मेंदू बदलणार नाही."

"माझ्यासाठी बदलेल." तो पुन्हा दगड निवडायला वाकला. दगड उचलला, ठेवला, तोच परत उचलला. "मला कळायला नकोय. झालं? सांगून टाकलं. मला कळायला नकोय."

एवढा दांडगा माणूस, जनावराचं अर्धं धड खांद्यावर घेऊन चालणारा. त्याला तो एक दगड खाली ठेवता येईना.

साक्ष

"माझा नातू," सासरे म्हणाले, "अठ्ठाविसाव्या आठवड्यात आला. तळहाताएवढा. आणि डॉक्टर म्हणतात, त्याच्या डोक्यात एक रेघही वाकडी नाही."

चर्च टाळ्यांनी दणाणलं.

इसाको माझ्या मांडीवर होता. टाळ्या वाजल्या, आणि तो दचकला नाही.

मग दचकला.

मध्ये किती वेळ गेला? सगळी मुलं अशीच दचकतात का? शेजारच्या बाकावर एक दोन महिन्यांचं मूल होतं. ते केव्हा दचकलं, हे मी बघायला हवं होतं. माझं लक्ष नव्हतं. त्याच्या मुठी मात्र उघड्या होत्या, बोटं हवेत फिरत होती. इसाकोच्या बंद. मी अंगठ्याने त्याची मूठ उघडली. सोडली. ती परत मिटली.

डुक्कर मऊ झालं होतं म्हणतात. मी चाखलंच नाही.

फोन, सोमवार

मीच केला. घरी कोणी नव्हतं. इंग्रजीत तीन वाक्यं तयार ठेवली होती, कागदावर लिहून. पहिल्याच वाक्यावर पलीकडची बाई म्हणाली, थांबा, दुभाषी जोडून देते. गाणं वाजलं. मग सामोअन भाषेत एक गोड आवाज आला:

"नमस्कार ताई, बोला, मी तुमचं सगळं गुपित ठेवायला बांधलेली आहे."

तो आवाज मी दर रविवारी ऐकते. चर्चच्या गायनात माझ्या मागच्याच रांगेत उभी असते ती.

मी फोन ठेवला. हात पाठीमागे लपवला, जणू तिने बघितला असता.

त्यांचे ४२, माझे ४५

मंगळवार. वजन: तीन किलो दोनशे. डॉक्टर इमोजेन खूश. एक मोजा पिवळा, एक हिरवा.

"आणखी काही विचारायचंय?"

सासू पर्स आवरत होती. "विचारतेय, आणखी काही आहे का. नाही म्हण, गाडी लावायचे दोन तास संपत आले."

आतापर्यंत मी ज्याला ज्याला घाबरले होते, ते सगळं एका बाजूला राहिलं. पाळक, बाक, टाळ्या, मागच्या रांगेतला आवाज. दुसऱ्या बाजूला एक बंद मूठ. मी ठरवलं बिरवलं काही नाही. तोंड उघडलं.

"आई, त्यांना सांगा, इसाको अठ्ठाविसाव्या आठवड्यात झाला नाही. एकतिसाव्यात झाला. सव्वीस एप्रिल नव्हती. पाच एप्रिल होती."

सासूचा हात पर्सच्या चेनवर थांबला.

डॉक्टर हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होत्या. त्यांच्यासाठी तो नुसता आवाज होता, दोन बायकांचं आपसातलं बोलणं. माझं वाक्य आता सासूच्या तोंडात होतं. ती त्याचं काहीही करू शकली असती. 'आभार मानते म्हणतेय,' एवढं म्हणून उठली असती तरी संपलं असतं, आणि माझ्याजवळ दुसरं वाक्य नव्हतं.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या वजनकाट्याकडे बघत होती. त्याच्यावरचा आकडा अजून पुसला गेला नव्हता. मी तिच्या बोटांकडे बघत होते. आणि खरं सांगते, त्या बोटांवर ती मोजत होती. एप्रिल. मे. ती कितीपर्यंत पोचली हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

काटा विझला.

"डॉक्टर," ती इंग्रजीत म्हणाली, सावकाश, प्रत्येक शब्द टेबलावर मांडल्यासारखा, म्हणून मलाही कळला. "चूक झाली आहे. तारखेची. तीन आठवड्यांची. पहिल्या दिवशी भाषांतर मी केलं होतं. चूक माझी."

डॉक्टरांचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळे बदलले. "तीन आठवडे? म्हणजे जास्त?"

सासू माझ्याकडे वळली.

"एकतीस," मी इंग्रजीत म्हणाले. माझ्या मुलाबद्दल मी त्या इमारतीत इंग्रजीत बोललेला पहिला शब्द.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, इसाकोचं चित्र पडद्यावर आणलं, आणि आम्ही खोलीत नसल्यासारख्या मोजायला लागल्या. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ. आकडा. दुसरी रेघ, खाली, मानेच्या वरच्या छोट्या मेंदूवर. आकडा. मग तक्ता. बोट चाळीसवरून उचललं आणि उजवीकडे नेलं.

माझ्या कानात ठक ठक सुरू झालं.

चित्र तेच होतं. एका रेघेचाही फरक पडला नव्हता. गुरुवारी ते बघून आम्ही रडत हसलो होतो.

"घड्या मागे आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. त्या थांबत थांबत बोलत होत्या, सासू थांबत थांबत मला देत होती. "छोटा मेंदू जेवढा असायला हवा त्यापेक्षा तीन-चार मिलिमीटर कमी. आणि... तो फक्त लवकर आला नव्हता. एकतिसाव्याला एक किलो म्हणजे फार कमी. वारेतून त्याला पुरेसं मिळत नव्हतं. आत असतानाच तो उपाशी होता."

सासूने 'उपाशी' हा शब्द दोनदा सांगितला.

"याचा अर्थ काय?" मी विचारलं.

"मला माहीत नाही." डॉक्टरांनी तक्ता उलटा ठेवला. "कदाचित उशिरा चालेल, एवढंच. कदाचित तेही नाही. कदाचित जास्त. आत्ता कोणीच सांगू शकत नाही. पण सहा महिने थांबायचं नाही, एवढं मी सांगू शकते."

"तो एकतीसचा आहे. तुमच्या यादीत बसत नाही. काढून टाकाल?"

हे माझं विचारणं सासूने लगेच पुढे दिलं नाही. आधी मला म्हणाली, "काढून तर बघू देत." आणि मग विचारलं.

"काढत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "वर घेतेय."

गाडीत

गाडीच्या काचेवर दंडाची चिठ्ठी होती. सासूने ती न वाचता पर्समध्ये टाकली. किल्ली लावली, फिरवली नाही. इसाको मागे झोपला होता.

"आई, मी..."

"गप्प बस जरा."

बरेच लोक आले, गाड्या काढून गेले.

"ईस्टर ना?" ती म्हणाली.

"हो."

"घसा बसला होता तुझा. मीच गोळ्या पाठवल्या होत्या त्याच्या हातून." तिने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. मला वाटलं रडतेय. खांदे हलत होते. वर बघितलं तेव्हा ती रडतही होती, पण नुसती रडत नव्हती. "सेफो सातव्या महिन्यात झाला, माहितेय तुला? सगळ्या गावाला माहितेय. सातव्या महिन्यात. चार किलो दोनशे."



"आणि बाबा?"

"त्यांना आठवडे मोजता येत नाहीत. ते रविवार मोजतात." तिने नाक पुसलं. "पण सांगावं लागेल. ती साक्ष खोटी पडली, ती तशीच ठेवता येणार नाही. मी सांगेन. मग बसू मागे. तिथे पंखा तरी आहे."

मग तिचं हसू ओसरलं. आरशातून तिने मागे बघितलं, बराच वेळ. "सप्टेंबरात," ती म्हणाली, "मी तुझ्या शेजारी बसले नसते तर तू खरं सांगितलं असतंस."

ते विचारणं नव्हतं. तिने गाडी सुरू केली. वाटेत दोनदा थांबवली आणि मागचं दार उघडून इसाकोच्या नाकाशी बोट धरून बघितलं. अशी ती एनआयसीयूतसुद्धा घाबरली नव्हती.

४६

व्यायामाची खोली. जमिनीवर निळी गादी, दोन्ही बाजूंना कॅमेरे. इसाको उताणा, नुसत्या लंगोटात. त्याच्या हातापायांचं हलणं पाच मिनिटं टिपून घ्यायचं, कोणी त्याला हात लावायचा नाही, आवाज करायचा नाही. आज सेफोही आला आहे. रजा काढली आहे. भिंतीला पाठ लावून उभा आहे, दोन्ही हात काखेत दाबून, माझ्याकडे न बघता. बाबा गेल्या रविवारी मागच्या बाकावर बसले. सासू त्यांच्या शेजारी. आम्ही त्यांच्या शेजारी. कोणी काही म्हटलं नाही.

व्यायाम घेणाऱ्या बाईंनी कागद पुढे ओढला.

"जन्म किती आठवड्यांनी?"

सासूने तोंड उघडलं, आणि मिटलं.

"एकतीस," मी म्हणाले. "आणि दोन दिवस."

त्यांनी लिहून घेतलं. कॅमेऱ्यांचे लाल दिवे लागले. आम्ही चौघं मागे सरकलो.

इसाको छताकडे बघतो आहे. पाय झाडतो. थांबतो. परत झाडतो. उजवी मूठ हळूहळू सैल होते, आधी करंगळी, मग बाकीची बोटं, आणि तळहात उघडा पडतो. सेफो नाकातून श्वास सोडतो. बाई ओठांवर बोट ठेवतात.

डावी मिटलेली आहे.

चार मिनिटं उरली आहेत. आम्ही सगळे डाव्या मुठीकडे बघतो आहोत.